पहिली मोटारसायकल: सीसीच्या आधी ब्रेक

अठरावे वर्ष सरले, पहिली नोकरी लागली किंवा घरापासून लांबच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की महाराष्ट्रातल्या घराघरांत गाडीचा विषय निघतो. किती सीसीची घ्यायची, अ‍ॅव्हरेज काय देते, हप्ता किती बसेल, यावर कित्येक संध्याकाळी बोलणे चालते. ती चालवायला शिकायचे कसे, हा प्रश्न मात्र एका वाक्यात निकालात निघतो: "दादा शिकवेल मैदानावर." हा क्रम उलटा हवा. पहिली मोटारसायकल ही शिकण्याची गाडी असते. जी गाडी तुम्हाला ब्रेक लावायला, वळायला आणि रस्ता ओळखायला नीट शिकू देते, ती तुमच्यासाठी योग्य.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली जवळपास ४५. मोटार, ट्रक, बस, पादचारी या सगळ्यांपेक्षा दुचाकीचा हा आकडा मोठा आहे.

असे अपघात नेमके कसे घडतात, याचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःचे स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून चालवायला शिकले होते. निम्म्याहून अधिक लोकांना त्या गाडीची सवय पाच महिन्यांचीही नव्हती. धोका दिसल्यापासून धडक होईपर्यंत साधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळाला होता. आणि त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक कचकचून दाबून चाक घसरवले होते, पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरलाच नव्हता.

तिथले रस्ते वेगळे, गाड्या वेगळ्या. पण माणसाचे हात, पाय आणि डोळे सगळीकडे सारखेच चालतात. दोन सेकंदांत कुणी विचार करत बसत नाही. अंगवळणी पडलेले असते तेच हातून होते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत अंगवळणी काय पडते, याला सर्वांत जास्त महत्त्व आहे. गाडीची निवडही याच हिशेबाने करायची.

गाडी कशी निवडावी

पहिली गोष्ट वजन. हिरो स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो, तर रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे सुमारे १९५ किलो. गाडी पळू लागली की हा फरक फारसा जाणवत नाही. तो जाणवतो पार्किंगमधून गाडी मागे घेताना, चढावर सिग्नलला थांबताना, अरुंद गल्लीत वळवताना. नवखा माणूस गाडी पाडतो ती बहुधा अशाच ठिकाणी, चालण्याच्या वेगात. शोरूममध्ये गाडीवर बसून फोटो काढण्याआधी एक परीक्षा घ्या. इंजिन बंद ठेवून गाडी स्टँडवरून उतरवा, हाताने पाच-सात पावले मागे ढकला, बसल्या जागी थोडी एका बाजूला झुकवून पुन्हा सरळ करा. एवढे करताना दम लागत असेल, तर ती गाडी सध्या तुमच्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट सीटची उंची. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून सुमारे ७८५ मिलिमीटरवर असते, हिरो एक्सपल्स किंवा रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० यांसारख्या गाड्यांची सुमारे ८२५ वर. चार सेंटिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण कमी उंचीच्या मुलामुलींसाठी पाय टेकणार की तरंगणार, हे त्यावरच ठरते. दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीवर भक्कम टेकले पाहिजेत. सीट रुंद असेल तर पाय फाकतात आणि कमी पोचतात, म्हणून आकडा वाचून समाधान मानू नका. रोज घालता तेच बूट घालून प्रत्यक्ष बसून पाहा.

तिसरी गोष्ट ताकद. १०० ते १२५ सीसीच्या रोजच्या वापरातल्या गाड्या साधारण ८ ते ११ अश्वशक्तीच्या असतात. केटीएमच्या ३९० ड्यूकसारख्या गाडीत ती ४० च्या वर जाते. खड्ड्यात चाक आदळले की नवख्याच्या मनगटाला हिसका बसतो आणि रेस आपोआप वाढते. ११ अश्वशक्तीची गाडी अशा वेळी थोडी पुढे सरकते, ४० ची झेप घेते. म्हणून शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने १०० ते १२५ सीसी, आणि दररोज हायवेवरून पंधरा-वीस किलोमीटर जाणाऱ्याने फार तर १५०-१६० सीसी घ्यावी. मोठी गाडी घेण्याची हौस चुकीची नाही. ती हौस एक-दोन वर्षांनी भागवा. तोवर हात बसलेला असेल.

चौथी गोष्ट ब्रेक, आणि किमतीत थोडे जास्त मोजायचे तर ते इथे मोजा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे आहे. त्याखालच्या गाड्यांना किमान सीबीएस द्यावे लागते. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएसचे काम वेगळे आहे. चाकाजवळचा सेन्सर चाकाची गती सतत मोजत असतो. ब्रेक जोरात दाबल्यामुळे चाक फिरायचे थांबणार असे दिसताच यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते. हे एका सेकंदात अनेक वेळा होते. पुढचे चाक अडकून घसरले की माणूस पडतोच, आणि एबीएस नेमके तेच टाळते. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल चॅनल म्हणजे दोन्ही चाकांना. १२५ सीसीतही काही गाड्यांना एबीएसचा पर्याय मिळतो. तो परवडत असेल तर घ्या.

शिकण्यासाठी वापरलेली गाडी घेणेही शहाणपणाचे आहे. ती एकदा आडवी झाली तरी जीव तुटत नाही. मात्र एप्रिल २०१९ च्या आधीच्या १५० सीसी गाडीला एबीएस असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवा. गाडी सरळ चालवताना हँडलही सरळच राहते का, पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेल ओघळले आहे का, चेन किती सैल आहे, हे पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: '२३२१' म्हणजे २०२१ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते आणि पावसात त्याची पकड कमी पडते. आरसी बुकावरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते विचारा, आणि गाडी नावावर करून घेण्यात चालढकल करू नका.

हेल्मेट गाडीच्या किमतीतच धरा

२०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा आणि मागे बसलेल्यांचा मृत्यू झाला. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या अहवालानुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्त मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते.

हे कसे होते, ते कळले की निवडही सोपी होते. बाहेरचे कवच आघात पसरवते. आतला थर्माकोलसारखा जाड थर चेपत जातो आणि डोके एकदम थांबण्याऐवजी किंचित सावकाश थांबते. मेंदूला बसणारा हिसका त्यामुळेच कमी होतो. हा थर एकदाच चेपतो. म्हणून जोराच्या आघातानंतर हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे लागते, आणि दुसऱ्याचे वापरलेले हेल्मेट घेऊ नये. हेल्मेटसाठी भारतीय मानक आयएस ४१५१ आहे, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. रस्त्याकडेला मिळणारी स्वस्त टोपी पोलिसाला दाखवायला चालेल, डोके वाचवायला नाही.

पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घ्या. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत, आणि मान हलवली की हेल्मेटही तिच्याबरोबर हलले पाहिजे. हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय ते घातले असे म्हणताच येत नाही; पहिल्याच धक्क्याला ते उडून जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे, म्हणून दोन हेल्मेटांचा खर्च आधीच धरा. हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट हेही त्याच यादीत येतात, कारण पडताना माणूस पहिला हात टेकवतो.

मैदानावर काय शिकायचे

मैदानावर उतरण्याआधी शिकाऊ परवाना काढा. तो सहा महिने चालतो आणि काढल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावावा लागतो, आणि शिकवणाऱ्या परवानाधारकाशिवाय मागे कुणाला बसवता येत नाही. बिनगिअरच्या स्कूटरच्या परवान्यावर गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसते.

सुरुवात क्लचपासून करा. क्लच सोडताना एका टप्प्यावर गाडी पुढे ओढ घेऊ लागते. त्या जागेच्या थोडे अलीकडे-पलीकडे लीव्हर धरून ठेवणे, म्हणजेच हाफ क्लच, हे कमी वेगातल्या तोलाचे मर्म आहे. हलकी रेस, हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय, या तिन्हींच्या जोरावर गाडी माणसाच्या चालीने सरळ रेषेत नेता आली पाहिजे. हे जमले की आरटीओच्या चाचणीतला '८' आपोआप जमतो. इतक्या कमी वेगात, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबू नका. गाडी तिथल्या तिथे आडवी होते.

मग ब्रेकचा सराव, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ द्या. "पुढचा ब्रेक लावशील तर उलटा पडशील" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक शिकणाऱ्याला ऐकवले जाते. त्यानेच फार नुकसान केले आहे. ब्रेक लागताच गाडीचा आणि माणसाचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे पुढचा टायर रस्त्यावर अधिक दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. मागचे चाक हलके होते. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे साधारण ७० टक्के काम पुढचा ब्रेक करतो. निव्वळ मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवणारा माणूस आपली बरीचशी ताकद वाया घालवतो, आणि हर्ट यांच्या अहवालातल्या लोकांसारखा चाक घसरवत धडकतो.

पद्धत अशी: गाडी सरळ, हँडल सरळ, नजर समोर. दोन्ही ब्रेक एकाच वेळी लावा, पण पुढचा लीव्हर एकदम न खेचता आधी हलका दाबा, भार पुढे येऊ द्या आणि मग दाब वाढवत न्या. ३० च्या वेगापासून सुरू करा आणि हळूहळू ४०-५० वर जा. हा सराव वाळू नसलेल्या कोरड्या डांबरावर करायचा. मातीच्या मैदानावर करायचा नाही. एबीएस असेल तर ते चालू झाल्यावर लीव्हर बोटांखाली थरथरतो. तेव्हा घाबरून सोडू नका, दाबूनच ठेवा.

हा सराव किती मोलाचा आहे, ते साध्या गणिताने कळते. धोका ओळखून बोटे लीव्हरवर यायला सुमारे एक सेकंद जातो. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि दोन्ही ब्रेक नीट वापरले, असे धरले तरी ४० च्या वेगात गाडी थांबायला एकूण सुमारे २० मीटर लागतात, ६० ला सुमारे ३७ आणि ८० ला सुमारे ५८. वेग ४० वरून ८० म्हणजे दुप्पट झाला की अंतर जवळपास तिप्पट होते.

वळणांचेही असेच आहे. तीस मीटर त्रिज्येचे वळण, म्हणजे घाटातले एक मध्यम वळण, ४० च्या वेगात घेताना गाडीला सुमारे २३ अंश झुकावे लागते. तेच वळण ६० च्या वेगात घ्यायचे तर सुमारे ४३ अंश. एवढी गाडी झुकवणे नवख्याला जमत नाही, आणि वळणावर कच पडली असेल तर कसलेल्यालाही जमत नाही. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा आणि वळणात हलकी, एकसारखी रेस ठेवायची.

गाडी वळते कशी, हेही समजून घ्या. ताशी वीस-पंचवीसच्या वर गेल्यावर उजवीकडे वळायचे तर उजवी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते. पुढचे चाक क्षणभर डावीकडे जाते, त्यामुळे गाडी उजवीकडे झुकते आणि त्याच बाजूला वळते. प्रत्येक चालवणारा नकळत हेच करत असतो. जाणीवपूर्वक सराव केला तर अचानक आलेला खड्डा चुकवताना हात गोठत नाहीत. नजरेचेही तसेच: गाडी तुमच्या नजरेमागे जाते. खड्ड्याकडे टक लावली तर चाक खड्ड्यातच जाते. जिथून निसटायचे आहे, तिथे पाहा.

रस्त्यावर उतरल्यावर

रस्त्यावरचा सर्वांत मोठा धोका म्हणजे समोरच्याला आपण न दिसणे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू होताच आपोआप लागतो, तो याचसाठी. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. बस किंवा कंटेनर डावीकडे वळत असताना त्याच्या डाव्या बाजूने कधीही आत घुसू नका. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि तुमची जागा गिळतात. चौकात हिरवा दिवा लागला तरी दोन्ही बाजूंना पाहूनच निघा.

आपल्या मुलखातल्या रस्त्यांचे ऋतू आहेत. जूनमधल्या पहिल्या सरींत महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि तेल पाण्यावर तरंगते आणि रस्ता सर्वांत निसरडा तेव्हाच असतो. भर पावसाळ्यात झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि पुलांवरचे धातूचे जोड यांवर ना जोरात ब्रेक लावायचा, ना गाडी झुकवायची. पाणी साचलेले दिसले की त्याखाली खड्डा आहे असे धरून चाला. ऊसतोड सुरू झाली की पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात रात्री रस्त्यावर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. हेडलाइटचा उजेड जिथवर पोचतो त्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग रात्री ठेवा.

ताम्हिणी, वरंधा, आंबोली यांसारख्या घाटांत पहिल्या काही महिन्यांत जायचेच असेल तर दिवसा आणि कोरड्या हवेत जा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्या, तसा नियमच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर मोटारसायकलला बंदी आहे, तेव्हा मार्ग ठरवताना ते आधी पाहा.

मागे कुणी बसले की गाडीचा सगळा स्वभाव बदलतो. थांबायला अंतर जास्त लागते, तोल सरकतो, टायरमध्ये हवा जास्त लागते. हात बसेपर्यंत डबलसीट नकोच. बसणाऱ्या व्यक्तीची ओढणी किंवा पदर चेनपासून आणि मागच्या चाकापासून दूर खोचलेला आहे, याची खात्री करूनच निघा.

आई-वडिलांना एक विनंती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती गिअरची गाडी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अशा गुन्ह्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर गाडी घ्याल तेव्हा हेल्मेटासाठी आणि चांगल्या प्रशिक्षणासाठी पैसे बाजूला काढा, आणि त्याचा पक्का परवाना हाती येईपर्यंत किल्ली स्वतःकडे ठेवा.

आणि गाडी घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, गाडी हलकी घ्या, ब्रेक चांगले घ्या, हेल्मेट आयएसआयचे घ्या. पहिले सहा महिने दर आठवड्याला एकदा रिकाम्या, कोरड्या, वाहतूक नसलेल्या जागी जाऊन दोन्ही ब्रेकांनी गाडी थांबवण्याचा सराव करा. ते दोन सेकंद कधी येतील हे आधी कळत नाही. त्यांची तयारी आजपासूनच सुरू करा.